खेडलेकर डॉक्टरांची भीती

खेडलेकर डॉक्टर सुई टोचायला घाबरतात, ही गोष्ट पंचवटीत पेठ नाक्यापासून मालेगाव स्टँडपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. डॉक्टरांनाही ती लपवावीशी वाटत नसे. एखादा पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या बाही वर करून दंड पुढे करायचा. डॉक्टर त्या दंडाकडे असे बघायचे, जसा काही त्याने विंचू आणून टेबलावर ठेवलाय. मग हलक्या हाताने बाही खाली ओढायचे आणि म्हणायचे, "गोळीनं भागेल. गोळी घ्या."

लोकांना गोळी नको असायची. तो काळच सुईचा होता. ताप आला की सुई, अशक्तपणा वाटला की सुई. मुलीला बघायला पाहुणे येणार आणि पोर जरा सुकलेली दिसतेय, तर तिलाही ताकदीची सुई. आमच्या नाक्यावर दुसरे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे आत गेलेला प्रत्येक माणूस दंड चोळत बाहेर यायचा आणि समाधानाने घरी जायचा. तिथे बाकावर बसायला जागा नसायची. खेडलेकरांच्या बाकावर मात्र मांडी घालून बसता यायचं. लोक त्यांना पाठीमागे 'भित्रा डॉक्टर' म्हणायचे. आम्ही सत्तरच्या सुमाराला नाक्याजवळच्या चाळीत राहायला आलो, तेव्हा शेजारणीने मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "सर्दी-पडशाला भित्र्याकडे जा बाई, पण खरं दुखणं असलं तर नाक्यावर जा."

मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत होते. माझी मुलगी सुजाता, तिचे वडील कचेरीत कारकून होते. दवाखाना माझ्या शाळेच्या वाटेवर होता आणि तिथे गर्दी नसायची, एवढ्याच कारणाने मी खेडलेकरांकडे जाऊ लागले.

डॉक्टर उंच होते, पण चालताना मान पुढे काढून, वाटेत काही आडवं येईल अशा बेताने चालायचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, तो घाम पुसून पुसून खांद्यावर नेहमी थोडा ओला. दवाखान्यात स्टोव्ह सतत फरफरत असायचा. काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया एका पातेल्यात उकळत असायच्या. वापरायच्या नसल्या तरी उकळायच्या. त्यांनी कंपाउंडर ठेवला नव्हता. ठेवला होता म्हणे एक, पण तो पाण्याला बुडबुडे आले की पातेलं उतरवायचा, म्हणून त्याला काढला. "बुडबुडे म्हणजे उकळणं नव्हे," हे ते पेशंटलाही समजावून सांगत. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस डॉक्टर आहे की आचारी!

दवाखान्याबाहेरही त्यांचं तेच. गोदावरीला थोडं पाणी वाढलं की ते पुलावरून पलीकडे जायचं टाळायचे. पिंपळगावहून कुणी द्राक्षं आणून दिली, तर ती जांभळ्या औषधी पाण्यात घालून, धुऊन, पुन्हा धुऊन, मग एकेक मणी उजेडात धरून बघायचे. "फवारे मारतात हो," म्हणायचे. तोपर्यंत देणाऱ्याचा चेहरा उतरलेला असायचा. कुणीही निरोप घेतला की त्यांचा एकच शब्द ठरलेला, "जपून." पायरी उतरणाऱ्याला जपून, सायकलवर बसणाऱ्याला जपून, लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या नवरदेवालाही जपून.

एकदा मी बाकावर बसले असताना पिंपळगाव बसवंतचा एक टेम्पोवाला आला. मालाची खेप टाकून परत निघाला होता. आडदांड गडी. म्हणाला, "डॉक्टर, मिसळ जरा जास्त झाली. छातीत जळजळतंय. सोडा-बिडा द्या, मला निघायचंय."

डॉक्टरांनी त्याला बसवलं. घाम किती वेळापासून येतोय, जबडा दुखतोय का, डाव्या हाताला मुंग्या येतात का, वडील कशाने गेले, असं विचारत सुटले. शेवटच्या प्रश्नाला टेम्पोवाला चिडला. "अहो, मी सोडा मागतोय!"

"टेम्पोची किल्ली इकडे द्या," डॉक्टर म्हणाले. आवाज मऊ होता, पण पुढे केलेला हात मागे घेईनात. त्यांनी त्याला एक पाऊलही चालू दिलं नाही. रिक्षा दारात आणवली, दवाखाना उघडा टाकला आणि स्वतः त्याच्याबरोबर मोठ्या हॉस्पिटलात गेले. आम्ही सगळे घाबरून बसलो. दोन-तीन दिवसांनी तो टेम्पोवाला परत आला तो दारातूनच ओरडत, "गॅस निघाला, गॅस! दोन दिवस छातीला पट्ट्या लावून झोपवून ठेवलं मला!"

बाकावरचे लोक पोट धरून हसले. डॉक्टरही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, माझं चुकलं की लोक हसतात. बरोबर निघालं असतं तर याच्या घरी आज कुणी हसलं नसतं."

त्या दिवसापासून मला हा माणूस आवडायला लागला. पण त्या भित्रेपणाच्या तळाशी काही आहे, असं माझ्या मनात तेव्हा आलं नव्हतं.

सुजाता, माझी थोरली, चौथीत होती तेव्हा तिचा घसा दुखला. थोडा ताप आला आणि गेला. आम्ही विसरूनही गेलो. पुढे दोन-तीन आठवड्यांनी तिचा उजवा गुडघा सुजला. शेजारणी म्हणाल्या, वाढीचं वय आहे, तेल चोळ. मी तेल चोळलं. गुडघा उतरला आणि घोटा सुजला. घोटा बरा झाला तर कोपर लाल. घरात शिरलेला चोर एकेक खोली बघत फिरावा, तसं ते दुखणं पोरीच्या अंगातून फिरत होतं. पांघरुणाचा भारसुद्धा तिला सहन होईना. तिला कडेवर घेऊन मी दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी गुडघ्याला हातही लावला नाही. आधी विचारलं, "मध्यंतरी घसा दुखला होता का हिचा?"

मी चकित झाले. हो म्हटलं. त्यांनी स्टोव्ह बंद केला. तो स्टोव्ह दुपारच्या वेळी बंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्या शांततेत ते कितीतरी वेळ तिच्या छातीला नळी लावून ऐकत राहिले. डावीकडे वळवून ऐकलं, बसवून ऐकलं. नळी कानांतून काढली तेव्हा त्यांच्या ओठांवर घाम होता.

"बाई, दुखताहेत सांधे. पण मला भीती वाटतेय ती हृदयाची."

घशातल्या एका जातीच्या जंतूशी लढता लढता कधी कधी शरीराचा गोंधळ उडतो, असं त्यांनी मला समजावलं. जंतू तर मरतो, पण लढायला उठलेली ताकद स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर तुटून पडते. सांधे पुढे बरे होतात, त्यांच्यावर खूणही राहत नाही. हृदयावर मात्र राहू शकते. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि आम्हाला त्याच तासाला हॉस्पिटलात पाठवलं.

सुजाता बरेच आठवडे अंथरुणावर होती. सांधे बरे झाले. हृदयाची एक झडप मात्र थोडी गळते, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. झडप म्हणजे काय, ती गळते म्हणजे काय, हे विचारायला मी पुन्हा खेडलेकरांकडेच आले.

"हृदयात दारं असतात," ते म्हणाले. "रक्त पुढच्या खोलीत गेलं की दार मिटतं, म्हणजे ते मागे फिरत नाही. हिचं एक दार नीट मिटत नाही. फट राहते."

"बुजेल ती?"

"पोर लहान आहे. बुजेलही. पण घसा पुन्हा धरला आणि पुन्हा हा ताप आला, तर फट वाढेल. तेवढं होऊ द्यायचं नाही."

ते होऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं होतं. एक-दोन महिने नव्हे, मुलगी मोठी होईपर्यंत, वर्षानुवर्षं. तुमच्या घराजवळचा कोणताही डॉक्टर देईल, असं हॉस्पिटलात सांगितलं होतं. मी तो कागद खेडलेकरांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि उलटा करून माझ्याकडे सरकवला.

"माझ्याकडे नको. हॉस्पिटलातच घ्या."

"डॉक्टर, घराजवळ..."

"नको म्हटलं ना!" ते माझ्याशी चढ्या आवाजात बोलले ते तेवढंच.

मग आम्ही हॉस्पिटलात जाऊ लागलो. कधी रांग, कधी औषध संपलेलं, कधी देणारी बाई रजेवर. एकदा असाच 'पुढच्या आठवड्यात या' म्हणत महिना लांबला आणि त्यातच सुजाताचा घसा धरला. ताप आला, गुडघे पुन्हा सुजले. या वेळी आणखी एक गोष्ट झाली. चाळीचा जिना चढताना ती मधल्याच पायरीवर बसली आणि म्हणाली, "आई, दम लागला." नऊ-दहा वर्षांची पोर. तिचे निळसर ओठ बघून माझ्या हातातली पिशवी गळून पडली.

ती दुसऱ्यांदा हॉस्पिटलातून घरी आली, त्या संध्याकाळी खेडलेकर डॉक्टर आमच्या दारात उभे राहिले. घरात आमची बुद्धवंदना चालू होती. ते चपला काढून, हात जोडून, संपेपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबले. मग आत आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "पुढचं इंजेक्शन माझ्याकडे."

सुजाताचे वडील म्हणाले, "तुम्हीच नको म्हणाला होतात, डॉक्टर."

"हो. आणि घरी बसून घाबरत होतो. आज पोरीला मिळालं असेल का, नीट बघून दिलं असेल का. त्यापेक्षा समोर बसून घाबरलेलं बरं."

आम्हाला ते बोलणं अर्धंमुर्धंच कळलं.

मग सुरू झाले ते तीन आठवड्यांचे फेरे. ते इंजेक्शन दुधासारखं पांढरं आणि दाट असतं. त्याला जाड सुई लागते, आणि फार दुखतं. पण डॉक्टरांच्या लेखी दुखणं ही मोठी गोष्टच नव्हती. त्या दिवशी दुपारी ते दुसरा पेशंट घेत नसत. आधी तिच्या हातावर कातडीखाली औषधाचा एक थेंब सोडायचे, त्याभोवती पेनाने गोल काढायचे आणि घड्याळ समोर ठेवून त्या गोलाकडे टक लावून बसायचे. टेबलावर स्वच्छ फडक्याखाली दुसरी एक पिचकारी भरून तयार असायची. ती कशासाठी, हे मी विचारलं तर "असू दे" म्हणायचे. गोल लाल झाला नाही, फुगला नाही, की मग कंबरेत मोठं इंजेक्शन. त्यानंतर चांगला अर्धा तास ते तिला हलू देत नसत, आणि सारखं बोलायला लावत. शाळेत काय शिकवलं, मैत्रिणीशी भांडण का झालं, तेराचा पाढा म्हण, आता उलटा म्हण. सुजाताला वाटायचं, काकांना आपल्या गप्पा आवडतात. डॉक्टरांचं लक्ष तिच्या बोलण्याकडे नसायचं, आवाजाकडे असायचं. आवाज घोगरा होतोय का, श्वास अडकतोय का, ओठ सुजतोय का. वेळ संपली की ते शर्टाच्या बाहीने कपाळ पुसायचे आणि म्हणायचे, "झालं. जा आता. जपून."

अशी दोनेक वर्षं गेली. एका दुपारी आम्ही लवकर पोचलो. बाकावर सायखेड्याच्या पार्वताबाई औषध घेऊन, एसटीची वेळ होईपर्यंत बसल्या होत्या. ही म्हातारी दम्याचं औषध न्यायला महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने यायची. नुसती तोंडओळख होती. सुजाता आत गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय होतंय पोरीला?" मी सांगितलं. पेनिसिलिन म्हटल्यावर त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"माझ्या सोपानाला त्याच सुईनं नेलं," त्या म्हणाल्या. "ह्याच डाक्टरनं दिली व्हती. तवा ह्यो आमच्या गावात व्हता. नवा नवा. सुई काढली आन् पोरगं गेलं."

मला पुढचं ऐकूच येईना. आत सुजाता तेराचा पाढा म्हणत होती. मी उठून उभी राहिले, पुन्हा बसले.

"आणि तुम्ही... याच डॉक्टरांकडे येता?"

"मंग कुठं जाऊ? बाकीच्यांला सुई म्हंजी सुई. ह्याला ठाव हाय, काय व्हतं ते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "त्यानं काय मुद्दाम केलं नाय बाई. पन लय रडला. माझ्यापरीस जास्ती रडला. मंग गावच सोडलं."

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पुढचे कितीतरी दिवस धड लागली नाही. डोळे मिटले की फडक्याखालची ती पिचकारी दिसायची. माणूस मेला होता. याच औषधाने, याच हाताने. आणि मी माझी पोर दर तीन आठवड्यांनी त्याच हातात देत होते. सुजाताच्या वडिलांना सांगितलं, तर ते पांढरेफटक पडले. "बंद कर," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "बंद करून कुठे जायचं?"

पुढचा फेरा जवळ आला. मी एकटीच दवाखान्यात गेले. बाकावर कुणी नव्हतं. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "डॉक्टर, सायखेड्याचं खरं आहे?"

ते पिचकाऱ्या पुसत होते. पुसायचे थांबले नाहीत. "बसा," म्हणाले.

"सोपान त्याचं नाव. लग्नाला आला होता. पायात काटा मोडून पू झालेला. तेच इंजेक्शन मी त्याला आधी दोनदा दिलं होतं, काही झालं नव्हतं. त्या दिवशी सुई काढली आणि तो म्हणाला, डॉक्टर, जिभेला कसंतरी होतंय. मी म्हटलं, पाणी पी. मग तो छाती खाजवायला लागला, आणि त्याच्या डोळ्यांत..." त्यांनी हातातली पिचकारी फडक्यावर ठेवली. "त्याला कळलं होतं, बाई. माझ्या आधी त्याला कळलं. असं झालं तर द्यायचं औषध होतं माझ्याजवळ, हल्ली फडक्याखाली भरून ठेवतो तेच. पण ते कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली घरी. घर समोरच होतं. मी धावत गेलो, धावत आलो. आलो तेव्हा पार्वताबाई त्याला पदरानं वारा घालत होत्या. तो गेला होता. त्यांना ते कळलं नव्हतं."

स्टोव्हवर पाणी उकळत होतं. मी विचारलं, "असं का होतं?"

"कुणाकुणाचं शरीर पहिल्या वेळी त्या औषधाला शत्रू समजून ओळखून ठेवतं. पुढे ते पुन्हा दिसलं की चवताळून उठतं. इतकं, की त्यात माणूसच जातो. क्वचित होतं. फार क्वचित. पण ज्याच्या घरात होतं, त्याला क्वचित या शब्दाचा अर्थ कसा सांगायचा?"

"सुजाताला होऊ शकतं?"

"होऊ शकतं."

"हातावर टेस्ट करता ना तुम्ही?"

"तिच्यावरून पुष्कळ कळतं. सगळं कळत नाही."

"आणि इंजेक्शन बंद केलं तर?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तर ताप पुन्हा येईल, आणि ती फट वाढत जाईल. मागे जिना चढताना दम लागला होता. पुढे सपाटीवर लागेल, मग बसल्या जागी. ते क्वचित नाही, बाई. ते मी पुष्कळ पाहिलंय." त्यांनी खिशातून पेन काढलं. "तुमचा माझ्यावर विश्वास राहिला नसला तर चुकीचं नाही. दुसऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो. मला सोडा. इंजेक्शन सोडू नका."

घरी येऊन मी सगळं सुजाताच्या वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "येताना नाक्यावरच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणतात, पेनिसिलिन ना, आणा पोरीला, एका मिनिटाचं काम. मला त्या एका मिनिटाची भीती वाटते."

आम्ही खेडलेकरांकडेच राहिलो. भीती मात्र गेली नाही. उलट आता तिघांच्याही भीतीला एकच नाव होतं. सुजाताला आम्ही यातलं काही सांगितलं नाही. ती बिचारी पाढे म्हणायची, आणि मी आणि डॉक्टर एकमेकांच्या नजरेला नजर न देता घड्याळाकडे बघत बसायचो.

ती दहावीत असतानाची दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. पूर्वपरीक्षेचा पेपर देऊन ती परस्पर दवाखान्यात आली होती, मी माझ्या शाळेतून. हातावरचा गोल कोरडा, साधा. इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी विचारलं, "पेपर कसा गेला?" ती म्हणाली, "बरा..." आणि बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. चेहरा खडूसारखा पांढरा. "काका, डोळ्यांपुढे अंधार..." म्हणत ती खुर्चीतून खाली घसरली.

मी किंचाळले. डॉक्टरांनी फडकं उडवलं. ती दुसरी पिचकारी त्यांच्या हातात होती आणि सुई सुजाताच्या दंडाला टेकायचीच बाकी होती. मला वाटलं, आता टोचतील. पण ते टोचेनात. गुडघ्यांवर बसून त्यांनी दुसऱ्या हाताने तिची नाडी धरली. मी ओरडत होते, "द्या ना! डॉक्टर, द्या ना!"

"थांबा," ते म्हणाले. तिच्या ओठांकडे पाहिलं, फ्रॉकची बाही सारून कातडी पाहिली, छातीला कान लावला. मग पिचकारी खाली ठेवली. "पाय धरा तिचे. वर उचला. आणखी वर."

मी तिचे पाय उचलून धरले. किती वेळ गेला कोण जाणे, फार नसावा. सुजाताने डोळे उघडले आणि म्हणाली, "काय झालं?"

"सकाळपासून काही खाल्लंस का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. पेपर होता ना."

त्यांनी मला समजावून सांगितलं, पण आवाज ताळ्यावर नव्हता. नुसती भोवळ होती. भोवळीत नाडी संथ असते, पण बोटाला लागते, आणि आडवं करून पाय वर घेतले की माणूस शुद्धीवर येतो. ते दुसरं जे असतं, त्यात नाडी धावते आणि धाग्यासारखी बारीक होते, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, छातीतून सूं सूं आवाज येतो. "दोन्हींत माणूस पांढराच पडतो, बाई. नुसत्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही." एवढं सांगून ते मागच्या मोरीत गेले. ओकारीचा आवाज आला. बराच वेळ नळ चालू होता. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ग्लुकोज घातलेलं पाणी होतं, ते त्यांनी सुजाताला घोट घोट पाजलं.

तरी राहिलेला अर्धा तास त्यांनी तिला बसवून ठेवलंच. पाढा मात्र त्या दिवशी म्हणायला सांगितला नाही.

त्यानंतरही इंजेक्शनं चालू राहिली. सुजाता कॉलेजात गेली. सत्त्याऐंशीच्या सुमाराला हॉस्पिटलातल्या तज्ज्ञांनी तिला तपासून सांगितलं, आता बंद केलं तरी चालेल. ताप पुन्हा आला नव्हता. झडपेतली फट इतकी बारीक झाली होती की त्यांना ती कान देऊन शोधावी लागली. मी तो कागद घेऊन तडक दवाखान्यात गेले. खेडलेकरांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "नक्की बंद म्हणाले?" मग बोटाने सुजाताला जवळ बोलावलं, नळी कानांत घातली आणि त्यांनीही ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग नळी काढून टेबलावर ठेवली.

त्याच सुमाराला त्यांनी दवाखाना बंद केला. डोळ्यांना कमी दिसू लागलं होतं, आणि हात थरथरत होते. पार्वताबाई त्याआधीच वारल्या होत्या. त्यांच्या दहाव्याला डॉक्टर सायखेड्याला जाऊन आले, असं कुणीतरी सांगितलं. दवाखान्याच्या जागेत पुढे झेरॉक्सचं दुकान निघालं. डॉक्टर कॉलेज रोडला मुलाकडे राहायला गेले, आणि वर्षाच्या आतच झोपेत गेले. आम्हाला ते आठवडाभराने कळलं.

त्याआधी एकदाच ते दिसले होते. मी आणि सुजाता खरेदीला रविवार कारंजावर गेलो होतो. संध्याकाळची वेळ, रिक्षा, स्कूटर, सायकली, टांगे, सगळं एकमेकांत घुसलेलं. पलीकडच्या बाजूला फुटपाथच्या कडेला खेडलेकर डॉक्टर उभे होते. एक पाऊल खाली टाकायचे आणि मागे घ्यायचे. स्कूटर गेली की पुन्हा टाकायचे, रिक्षा आली की मागे घ्यायचे. किती वेळ ते तिथे तसे उभे होते, कोण जाणे.

"आई, काका!" म्हणत सुजाता माझ्या हातून सुटली आणि गाड्यांमधून वाट काढत पलीकडे पळाली. तिने त्यांचा हात धरला. त्यांनी आधी डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं, मग ओळखलं. ती त्यांना घेऊन निघाली. एक हात उंच करून रिक्षा थांबवत होती, दुसऱ्या हातात त्यांचा हात. रस्त्याच्या मध्यावर आल्यावर मागून बसचा हॉर्न वाजला, तशी ती त्यांना ओढत धावलीच.

माझ्यापाशी पोचल्यावर ते धापा टाकत होते. श्वास जमल्यावर तिला म्हणाले, "अगं, पळतेस काय अशी? दम लागेल ना!"

"मला नाही लागत, काका," सुजाता हसून म्हणाली. "तुम्हालाच लागलाय."

ते तिच्याकडे बघतच राहिले. ओठ, गळा, मग छातीचं वरखाली होणं, दवाखान्यात बघायचे तसंच, सगळं नीट. तिचा श्वास संथ चालला होता. त्यांनी मान हलवली, आणि तिचा हात न सोडता भाजीच्या गाड्यांच्या कडेकडेने हळूहळू चालू लागले.